डर्टी पेजेस : चालत्या मशीनचं बिऱ्हाड हलवताना

सबमिशनच्या आदल्या रात्री आपण मित्राचं जर्नल उतरवतो. समजा, आपण उतरवत असतानाच तो महाशय मागच्या पानांवरची रीडिंग्ज बदलत बसला, तर? पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली तर तोपर्यंत तो अजून दोन पानं बदलेल. त्यापेक्षा 'बदललेल्या पानावर टिक कर बाबा' असं सांगणं सोपं. कॉम्प्युटरमध्ये याच युक्तीला 'डर्टी पेज ट्रॅकिंग' म्हणतात. डर्टी म्हणजे घाण नव्हे. शेवटच्या कॉपीनंतर ज्या पेजवर काही लिहिलं गेलं, ते डर्टी.

हे लागतं कुठे? एका सर्व्हरवर हायपरव्हायझर अनेक व्हर्च्युअल मशीन्स चालवतो. सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असेल तर त्यावरची मशीन्स बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येतात. याला 'लाईव्ह मायग्रेशन' म्हणतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या झेन हायपरव्हायझरवरच्या पेपरमध्ये क्वेक ३ या गेमचा चालू सर्व्हर असाच हलवलेला आहे. खेळ थांबला फक्त ६० मिलिसेकंद!

आता गणित बघू. ४ जीबी मेमरीचं मशीन घ्या. एक पेज ४ केबीचं, म्हणजे एकूण १०,४८,५७६ पेजेस. प्रत्येक पेजला एक बिट दिला तर सगळा बिटमॅप १२८ केबीत मावतो. १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ एमबी जातात, म्हणजे पहिल्या फेरीला साधारण ३४ सेकंद. मशीन चालूच आहे. ते सेकंदाला २५ एमबी पेजेस डर्टी करतंय असं धरा. पहिली फेरी संपेपर्यंत ८५० एमबी डर्टी. ते पाठवेपर्यंत आणखी १७० एमबी, मग ३४, मग जेमतेम ७. आता मशीन क्षणभर थांबवायचं, उरलेलं पाठवायचं आणि पलीकडे सुरू करायचं. पण डर्टी करण्याचा वेग १२५ एमबीच्या वर गेला, तर कितीही फेऱ्या मारा, काम संपणार नाही. मग मशीनचा सीपीयू मुद्दाम हळू करावा लागतो, नाहीतर मशीन आधी पलीकडे सुरू करून पेजेस नंतर लागतील तशी ओढून घ्यावी लागतात.

टिक करतं कोण? मशीनच्या आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमला तर काहीच माहीत नसतं. हायपरव्हायझर सगळी पेजेस 'फक्त वाचा' अशी करून ठेवतो. कुणी लिहायला गेलं की फॉल्ट येतो. हायपरव्हायझर बिट १ करतो, लिहायची परवानगी देतो आणि मशीन पुढे चालू. त्या पेजवर नंतर हजार वेळा लिहिलं तरी त्या फेरीत पुन्हा फॉल्ट नाही. तरी प्रत्येक पेजचा पहिला फॉल्ट महागच. म्हणून इंटेलच्या नंतरच्या प्रोसेसर्समध्ये 'पेज मॉडिफिकेशन लॉगिंग' आलं. प्रोसेसर स्वतःच पत्ते एका यादीत लिहितो आणि ५१२ नोंदी भरल्या की मगच हायपरव्हायझरला उठवतो.

मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. समजा, आपण पेज आधी कॉपी केलं आणि बिट नंतर पुसला. या दोन्हींच्या मधल्या क्षणी मशीनने त्या पेजवर लिहिलं, तर? बिट पुसला गेला, नवा डेटा गेलाच नाही. पलीकडचं मशीन जुना डेटा घेऊन उठतं. ते क्रॅश होत नाही, एरर येत नाही. पण त्या पेजवर कुणाच्या खात्याचा बॅलन्स असेल, तर तो चुकीचा, आणि कुणाला पत्ताही नाही.

म्हणून आधी बिट टिपून पुसायचा, पेज पुन्हा 'फक्त वाचा' करायचं, टीएलबीमधली जुनी परवानगी फ्लश करायची आणि मगच कॉपी करायची. आता मध्ये कुणी लिहिलंच तर बिट पुन्हा १ होतो आणि फार तर ते पेज दोनदा पाठवलं जातं. जास्तीची कॉपी म्हणजे थोडा वेळ वाया, पण सुटलेली कॉपी म्हणजे डेटा चुकीचा. आणखी एक पळवाट असते. डिस्क किंवा नेटवर्क कार्डची नक्कल करणारं होस्टवरचं सॉफ्टवेअर मेमरीत स्वतःच लिहितं, तिथे हा फॉल्ट येत नाही. त्यामुळे त्याने आपला बिट आपणच लावायचा.

ओरलला एक्स्टर्नलने 'डर्टी बिट म्हणजे काय' विचारलं तर व्याख्या सगळेच सांगतील. तुम्ही तो कधी पुसायचा, तेही सांगा. आणि जाता जाता एक प्रश्न : पेज ४ केबीऐवजी २ एमबीचं धरलं तर वरचा बिटमॅप केवढा होईल, आणि एक बाइट बदलली तर किती डेटा पाठवावा लागेल? कागद-पेन घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.