व्हिडिओ एडिटिंगसाठी संगणक घेताना

कापड घेताना आम्ही आधी ताणा-बाणा तपासतो, चमक नंतर पाहतो. संगणक घेतानाही हाच नियम पाळावा.

लग्नाचे शूटिंग करणारे किंवा मालाची जाहिरात बनवणारे बंधू फक्त प्रोसेसरचे नाव विचारतात. आधी सॉफ्टवेअर ठरवा, मग त्याची गरज पाहा. प्रीमियर प्रोवर एचडी कामाला १६ जीबी आणि फोर-के कामाला ३२ जीबी रॅम हवी. डाविंची रिझॉल्व्हचा मोठा भार ग्राफिक्स कार्डवर पडतो.

मात्र भरवसा ठरतो पॉवर सप्लाय आणि डिस्कवर. हलका पॉवर सप्लाय जळताना मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो. एसएसडी वेगवान खरी, पण कधी कधी काहीच इशारा न देता बंद पडते. आमच्या अशाच एका डिस्कबरोबर साड्यांचे सारे चित्रण गेले. साड्या पुन्हा मांडता आल्या. कुणाचा निकाह पुन्हा मांडता येत नाही.

म्हणून यूपीएस घ्यावा. प्रत्येक कामाच्या तीन प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या जागी. पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. त्याशिवाय वॉरंटी मागताना अडचण येते. पैसे कमी पडले तर वेगात तडजोड करा, यात नको. ग्राहकाचे चित्रण ही आपल्याकडे ठेवलेली अमानत आहे.