वाचायला शिकताना मेंदूत काय घडते?

विहारात प्रौढ साक्षरता वर्गाचा विषय काढला की आपल्या वस्तीतल्या आया-आज्या आम्हाला म्हणतात, "आता या वयात अक्षरं काय डोक्यात शिरणार?" या शंकेचे उत्तर आज पाहू.

बोलणे मूल ऐकून शिकते. वाचन मात्र शिकावेच लागते. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली आहेत. त्यामुळे केवळ वाचनासाठी राखलेला भाग कोणाच्याच मेंदूत जन्मतः नसतो; पंडिताच्याही नाही आणि मजुराच्याही नाही.

मग वाचता कसे येते? मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे आणि खाली, डोळ्यांनी पाहिलेल्या वस्तू ओळखणारा भाग असतो. सरावाने त्यातील काही जागा अक्षरे ओळखू लागते. तिचे बोलण्या-ऐकण्याच्या भागांशी नाते घट्ट होते. म्हणून 'क' दिसताच त्याचा आवाज मनात उमटतो.

हे मोठेपणीही घडते का? पोर्तुगाल आणि ब्राझीलमधील ६३ प्रौढांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यांतले काही जण मोठेपणीच वाचायला शिकले होते. त्यांच्याही मेंदूत यातले बहुतेक बदल दिसले. आपल्या जवळचे उदाहरण लखनौजवळच्या खेड्यांतले आहे. तिथे निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने वाचायला शिकवले. लिपी आपलीच, देवनागरी. शिकण्याआधी व नंतर त्यांच्या मेंदूची तपासणी केली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूच्या खोल भागांतही बदल आढळले.

घरी सुरुवात करताना एवढे करा :

१. आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसते. चष्मा नसला की अक्षर लागत नाही आणि दोष बुद्धीला दिला जातो.
२. अक्षर पाहा, मोठ्याने म्हणा, हाताने गिरवा.
३. रोज थोडा वेळ, पण रोज.
४. स्वतःचे नाव, नातवंडांची नावे, एसटीची पाटी, औषधाच्या पट्टीवरील मुदतीचे आकडे यांपासून सुरुवात करा.
५. चुकल्यावर हसू नका. विशेषतः घरातील शिकलेल्या मुलांनी.

आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर नाकारले गेले, म्हणून त्या निरक्षर राहिल्या. मेंदू त्यांचाही शिकण्याजोगाच होता. आज ज्यांच्या घरी अंगठा उठवणारी आई किंवा आजी आहे, त्यांनी पाटी-पेन्सिल आणून तिच्याजवळ बसावे.