इवल्या पिशव्यांतील औषध

मुलांनो, आमच्या शाळेत एक विद्यार्थिनी होती. जोहरच्या नमाजापूर्वी मुली नळावर वजू करीत, तेव्हा ती मागे थांबे. वजू करताना हात कोपरापर्यंत धुवावे लागतात आणि तिच्या दोन्ही कोपरांवर लाल, जाड चट्टे होते. त्यांवरून चंदेरी पापुद्रे निघत. एकदा दुसऱ्या मुलीने मला हळूच विचारले, "आपा, तिच्या शेजारी बसले तर मलाही ते होईल का?"

होणार नाही. या रोगाला सोरायसिस म्हणतात. हात मिळवल्याने किंवा एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात. या रोगात त्या विनाकारण त्वचेतच लढाई सुरू करतात. मग तेथे दाह होतो आणि त्वचेच्या नव्या पेशी भराभर तयार होतात. एरवी नवी पेशी वर येऊन गळून पडायला सुमारे महिना लागतो. येथे काही दिवसच लागतात. थरावर थर साचतो. हा रोग मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो.

मलम लावले की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण त्वचा ही एक भिंत आहे. मृत पेशी या तिच्या विटा आणि त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ हा चुना. बाहेरचे काही आत येऊ नये म्हणून असलेली ही भिंत औषधालाही अडवते. शिवाय काही औषधे गुणाबरोबर त्रासही देतात.

अशाच एका औषधाची गोष्ट ऐका. ब्राझीलमधील एका झाडाच्या खोडातून पिवळी भुकटी मिळे. पोर्तुगीजांमुळे ती गोव्यात आली आणि 'गोवा पावडर' म्हणून विकली जाऊ लागली. झाड ब्राझीलचे, नाव गोव्याचे! लोक ती गजकर्णावर लावीत. १८७६ च्या सुमारास लंडनचे डॉक्टर बालमॅनो स्क्वायर यांना ती सोरायसिसवरही गुणकारी असल्याचे दिसले. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तसेच औषध प्रयोगशाळेत तयार झाले. त्याचे नाव डिथ्रॅनॉल. औषध गुणाचे, पण मोठे खोडकर! आजूबाजूची निरोगी त्वचा जळजळते आणि अंगावर, कपड्यांवर, चादरीवर तपकिरी डाग पडतात.

येथे अतिसूक्ष्म कण उपयोगी पडले. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केसच सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. १९६० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ अलेक बँगहॅम यांना आढळले, की अंड्याच्या बलकात असतो तसा स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळला, की त्याच्या आपोआप इवल्या पिशव्या बनतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांत औषध भरता येते. पिशवीचे आवरण त्वचेतील 'चुन्या'शी मिळतेजुळते असल्याने ती त्यात मिसळते आणि औषध हळूहळू सोडते. पिशवी अख्खी आत शिरते, असे मात्र समजू नका.

चंदीगडच्या संशोधकांनी डिथ्रॅनॉल अशा पिशव्यांत भरून रुग्णांवर चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. औषधाचे प्रमाण अवघे ०.५ टक्के असूनही चट्टे कमी झाले, जळजळ सौम्य राहिली आणि डागही फारसे पडले नाहीत.

आमच्या विद्यार्थिनीला डॉक्टरांनी साधेच मलम दिले. तिचे चट्टे बरेच ओसरले. हिवाळ्यात मात्र थोडे परत उठत. पुढे ती सर्वांबरोबर बाह्या वर करून वजू करू लागली. कोणी पाहत राहिले, तर स्वतःच सांगे, "सोरायसिस आहे. तुला नाही होणार."