उत्पन्न घटलं, फी तेवढीच! मग काय करायचं?

मित्रांनो, गुलमंडीतलं एखादं दुकान बंद झालं की पेपरात बातमी येत नाही. शटर खाली येतं, काही दिवसांनी नवीन बोर्ड लागतो. पण त्या दुकानात काम करणाऱ्याच्या मुलाची कॉलेजची फी तेवढीच राहते. आमच्या घरी हेच झालं. बाबा साडीच्या दुकानात सेल्समन होते. दिवाळीनंतर मालकाने धंदा आवरला. बाबांचं म्हणणं एकच, "कुणापुढे हात पसरायचा नाही." त्यांची समजूत घालताना जी माहिती गोळा केली, ती इथे देतोय. होस्टेलवर आपल्यासारखे बरेच असतील.

पहिली गोष्ट, ही भीक नाही. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा गेले, स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून घेतलेलं कर्ज यांच्या जोरावर. याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या शहरात कॉलेज काढलं, आजचं मिलिंद. घेतलेली मदत अशी पुढे जाते.

आता मुद्द्याचं बघू.

१) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती : ही खुल्या प्रवर्गासाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत आणि प्रवेश कॅप राउंडमधून असेल तर निम्मी ट्यूशन फी मिळते. ८ लाख म्हणजे महिन्याला साधारण ६६ हजार. "आपण काही एवढे गरीब नाही" असं समजून बरेच जण फॉर्मच भरत नाहीत! मॅनेजमेंट कोट्याला मात्र लाभ नाही. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, दरवर्षी भरायचा.

२) मुलींसाठी : ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास २०२४-२५ पासून पूर्ण ट्यूशन फी माफ आहे. शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा. इथेही प्रवेश कॅपमधूनच हवा.

३) होस्टेलसाठी : अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मेसचं बिल फीच्या योजनेत बसत नाही, म्हणून हा वेगळा बघावा.

४) टीएफडब्ल्यूएस ही सीट प्रवेशाच्या वेळीच मिळते. मधल्या वर्षात तिच्या मागे लागून उपयोग नाही.

खरी अडचण पुढे आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला मागच्या आर्थिक वर्षाचा असतो. समजा, नोकरी नोव्हेंबरमध्ये गेली. तर हातातला दाखला जुना पगारच दाखवतो. नवीन परिस्थिती कागदावर यायला ३१ मार्च उलटावा लागतो. म्हणून एप्रिल लागताच आपले सरकार सेवा केंद्रात नवीन दाखल्याचा अर्ज टाका. सेवा हक्क कायद्यात त्याची मुदत १५ दिवस आहे. पावती जपून ठेवा. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही तपासा.

मधल्या महिन्यांचं काय? तिथे प्राचार्यांना अर्ज हाच मार्ग. रडगाणं नको, तीन गोष्टी लिहा : काय बदललं आणि कधी, किती फी भरली व किती बाकी आहे, आणि नेमकं काय हवंय. उदाहरणार्थ : "वडिलांची नोकरी नोव्हेंबरमध्ये गेली. पहिला हप्ता भरला आहे. उरलेली रक्कम तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी, ही विनंती." सोबत पुरावा जोडा आणि आवक क्रमांक घ्या. "काहीतरी मदत करा" म्हटलं तर क्लार्कही गोंधळतो. हप्ते मागितले तर हो किंवा नाही, एक उत्तर तरी मिळतं. आणि परीक्षा फॉर्मची तारीख यायच्या आधी जा, नंतर नाही.

राहिला घरच्यांचा संकोच. मी बाबांना एवढंच म्हटलं, "फी थकली तर नाव माझं बोर्डावर लागेल, अर्ज केला तर फक्त फाइलमध्ये राहील." ते दुसऱ्या दिवशी सहीसाठी चष्मा घेऊन बसले.

तेव्हा मित्रांनो, रूममेट अचानक मेस बंद करून वडापाववर राहू लागला, तर चेष्टा करण्याआधी हे पान त्याच्या हातात द्या.