यंत्र अक्षर-ओळख शिकते

‘घर’ आणि ‘धर’ हे शब्द वाचताना सुरुवातीला तुमची फसगत झाली असेल. घ कोणता, ध कोणता? ‘म’ आणि ‘भ’ यांचेही तसेच. मग मनात येते, ‘आता आपले वय झाले. आपल्याला हे जमायचे नाही.’

मंडळी, असे म्हणू नका. वाचणे हे काम लहान नाही. मोठमोठे हिशेब चुटकीसरशी करणाऱ्या यंत्रालाही ते पटकन जमले नाही. या यंत्राला संगणक किंवा कॉम्प्युटर म्हणतात. त्याची शाळा कशी झाली, ते ऐका.

७ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एक प्रयोग झाला. जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएम कंपनी यांनी तो केला. रशियन भाषेतली वाक्ये संगणकाला दिली. त्याने ती इंग्रजीत करून दाखवली. एका वाक्याचा अर्थ असा होता : आपण बोलण्यातून आपले विचार दुसऱ्याला पोचवतो. लोक चकित झाले. तीन ते पाच वर्षांत यंत्र असे पुष्कळ काम करू लागेल, अशी आशा वाटू लागली.

पण यंत्राला फक्त २५० शब्द आणि ६ नियम शिकवले होते. वाक्येही निवडून दिलेली होती. खरी भाषा एवढ्यात कुठली मावते? आपलाच ‘कर’ हा शब्द घ्या. ‘तू काम कर’ आणि ‘घराचा कर भर’. शब्द एकच, पण अर्थ दोन. तुम्हांला तो लगेच कळतो, कारण तुम्ही जन्मभर मराठी बोलत आला आहात. यंत्राला तो कळेना. १९६६ साली अमेरिकेतल्या एका समितीने अहवाल दिला. माणसाने केलेले भाषांतर अधिक बरोबर असते आणि स्वस्तही पडते, असे त्यात म्हटले होते. मग या कामाला मिळणारा पैसा पुष्कळ आटला.

हाताने लिहिलेले वाचणे हेही असेच अवघड काम. आपण पत्त्याखाली सहा आकड्यांचा पिन कोड लिहितो. अमेरिकेत पाच आकड्यांचा झिप कोड लिहितात. तो यंत्राने वाचला, तर पत्रे लवकर निवडता येतील. पण प्रत्येकाचे अक्षर निराळे. कुणाचा आकडा तिरका, कुणाचा तुटका, कुणाचा शेजारच्याला चिकटलेला. सगळ्यांसाठी नियम किती लिहिणार?

तेव्हा रीत बदलली. १९८९ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संस्थेत यान लकून आणि त्यांच्या सोबत्यांनी यंत्राला उदाहरणे दाखवली. बफेलो गावच्या टपालातल्या पाकिटांवरचे खरे आकडे त्यांनी घेतले. प्रत्येक आकडा २५६ लहान घरांच्या चौकटीत बसवला. कोणत्या घरात किती शाई आहे, एवढेच यंत्र पाही आणि आकडा ओळखी. चुकले, की बरोबर उत्तराशी ताडून यंत्राच्या आतला हिशेब थोडा बदलला जाई. मग पुढचा आकडा.

असे ७,२९१ आकडे त्याला दाखवले. एकदा नव्हे, २३ वेळा! नंतर परीक्षा घेतली. पूर्वी न पाहिलेले २,००७ आकडे समोर ठेवले. त्यांतले १०२ चुकले. म्हणजे शंभरात पाच चुका.

बघा, पाठांतराने भागले नाही. नुसत्या नियमांनीही भागले नाही. पाहणे, चुकणे, सुधारणे आणि पुन्हा पाहणे, याच वाटेने यंत्र शिकले. तुम्हीही त्याच वाटेने चालला आहात. आणि तुम्हांला तर अर्थही कळतो!

आज मोबाइल फोनसुद्धा कागदावरचे वाचून दाखवतो. त्याची मदत जरूर घ्या. पण तोही चुकतो. कर्जाच्या कागदावर ३,००० लिहिले आहेत की ८,०००, हे चुकले तर भुर्दंड यंत्राला पडत नाही, आपल्याला पडतो. म्हणून कागद आधी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मगच सही करा.

प्रश्न
१. १९५४ च्या प्रयोगात यंत्राला किती शब्द शिकवले होते?
२. दोन अर्थ असलेला एक शब्द सांगा. त्याची दोन वाक्ये पाटीवर लिहा.
३. घरातला एखादा कागद आणा. त्यावरचे आकडे मोठ्याने वाचा.