अडेनियमची कुंडी कधी बदलावी?

प्रश्न : अडेनियमला कुंडी लहान पडते आहे. मोठ्या प्लास्टिकच्या कुंडीत शेतातली काळी माती भरून लावू का? – एक वाचक, अकोला

उत्तर : काळी माती मुळीच नको. ती ओल धरून ठेवते म्हणून आपल्या कपाशीला मानवते. अडेनियमची फुगीर मुळं त्याच ओलीनं सडतात. निम्मी जाड रेती, बाकी विटांचे बारीक तुकडे आणि कुजलेलं शेणखत घ्या. कुंडी मातीची, पसरट, आधीच्यापेक्षा दोनच इंच रुंद आणि तळाला भोक असलेली हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदला, पावसाळ्यात नाही. तुटलेली मुळं कापून रोप तीन-चार दिवस सावलीत सुकू द्या. लावल्यावर आठवडाभर पाणी नको. चीक विषारी असतो, हातमोजे घालाच.