रिसर्च पेपरचा विषय आणि लासलगावचा कांदा

सेमिस्टर सुरू होऊन तीन आठवडे झाले की आपल्या हॉस्टेलमध्ये एक साथ पसरते. मेसच्या रांगेत, बाथरूमबाहेर, झेरॉक्सच्या दुकानात एकच प्रश्न: "विषय मिळाला का रे?" ही सगळी मंडळी आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र हे ओपन इलेक्टिव्ह घेतलेली असतात. गणित कमी, मार्क बरे, या हिशेबाने आपण हे इलेक्टिव्ह घेतो. मग कळतं की शेवटी दहा-बारा पानांचा पेपर द्यायचाय आणि त्याचा विषय ज्याचा त्याने शोधायचाय. मी सध्या त्याच पेपरात गळ्यापर्यंत बुडालो आहे. ज्युनियर मंडळी रोज दार वाजवतात, म्हणून जे तोंडी सांगतो ते एकदाच लिहून टाकतो.

आधी आपल्याकडचे नेहमीचे विषय पाहू. 'जागतिकीकरण: वरदान की शाप', 'डब्ल्यूटीओ आणि भारतीय शेती', 'रुपयाची घसरण: कारणे व उपाय'. मित्रांनो, हे वक्तृत्व स्पर्धेचे विषय आहेत! यांच्याखाली काहीही लिहिलं तरी ते चूक ठरत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. प्रयोगशाळेत आपण बीम मोडून बघतो, कारण तो किती वजनाला मोडेल हे आधी नक्की माहीत नसतं. पेपरच्या विषयाचंही तसंच. त्यात एक असा प्रश्न हवा ज्याचं उत्तर तुमच्या अंदाजाच्या विरुद्ध येऊ शकेल. 'वरदान की शाप' याचं उत्तर कधीच विरुद्ध येत नाही. शेवटच्या पानावर 'दोन्ही' असं लिहून आपण मोकळे होतो.

चांगला प्रश्न कसा जन्माला येतो याचं माझं आवडतं उदाहरण आपल्याला जवळचं आहे, कारण त्याची सुरुवात न्यूटनच्या सूत्रासारख्या सूत्राने होते. यान टिंबरगेन हे मूळचे भौतिकशास्त्राचे माणूस. १९६९ साली अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल ज्या दोघांना मिळालं त्यांतले एक. १९६२ मध्ये त्यांनी मांडलं की दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकाराप्रमाणे वाढतो आणि अंतराप्रमाणे कमी होतो. याला व्यापाराचं गुरुत्वाकर्षण म्हणतात, आणि आकडे घालून पाहिलं तर ते आश्चर्य वाटावं इतकं जुळतं. पुढे १९९५ मध्ये जॉन मॅकॅलम यांनी याच सूत्रात कॅनडाचे १९८८ चे आकडे घातले. कॅनडाचे प्रांत आपसात जेवढा व्यापार करत होते, तो तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच अंतरावरच्या अमेरिकी राज्यांशी होणाऱ्या व्यापाराच्या सुमारे २२ पट निघाला. दोन देश शेजारी, भांडण नाही, बहुतेकांची भाषा एक. मग मधली रेघ एवढी जड कशी? पुढची कित्येक वर्षं लोक या एका आकड्याशी झुंजत होते. २००३ मध्ये अँडरसन आणि व्हॅन विनकूप यांनी दाखवलं की सूत्रातून एक गोष्ट गळाली होती, ती घेतली की सीमेचा परिणाम उरतो पण बराच खाली येतो. मला यातून एवढंच घ्यायचंय की विषय 'कॅनडा-अमेरिका व्यापार' हा नव्हता. विषय होता अपेक्षा आणि आकडा यांच्यातली फट.

आता माझा विषय. माझा रूम पार्टनर निफाड तालुक्यातला. लासलगावची बाजार समिती त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. घरी कांदा, चुलत्यांकडे कांदा, चाळीत कांदा. केंद्र सरकारने निर्यातीबद्दल काही जाहीर केलं की आमच्या खोलीत त्या रात्री अभ्यास होत नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी लागली आणि लासलगावचे भाव कोसळले, तेव्हाचं त्याचं म्हणणं अजून तेच आहे: "बंदीनेच आमचं वाटोळं केलं." सरांना हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "डिसेंबरात लाल कांद्याची आवक वाढतेच. भाव तसाही उतरला असता." पार्टनर चिडला. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्रश्न कुणाच्या किती एवढाच आहे. भाव जेवढा उतरला त्यातला किती हिस्सा बंदीचा आणि किती ऋतूचा? हा प्रश्न दहा पानांत मावतो, आणि त्याचं उत्तर काय येतं यावर एका घराचा वर्षाचा हिशेब अवलंबून आहे. क्विंटलमागे पाचशे रुपये बंदीने गेले की दीड हजार, यात मुलीचं लग्न पुढे ढकलण्याएवढा फरक असतो.

सोपं वाटतं ना? बंदीच्या आधीचा भाव घ्या, नंतरचा घ्या, वजाबाकी करा. करून बघा. २९ सप्टेंबर २०१९ लाही बंदी लागली होती, ती १५ मार्च २०२० पर्यंत राहिली. त्या वेळी बंदीनंतरही भाव चढतच गेले आणि डिसेंबरपर्यंत शहरांत कांदा किलोला शंभरी पार करून गेला. म्हणजे तुमची वजाबाकी सांगणार की निर्यातबंदीने भाव वाढतात! २०२३ च्या डिसेंबरात तीच वजाबाकी सांगते की बंदीने भाव पडतात. हत्यार तेच, परिणाम उलटा. कारण उघड आहे. २०१९ मध्ये पावसाने खरिपाचा कांदा सडवला होता, टंचाईने भाव चढत होते आणि भाव चढले म्हणूनच बंदी आली. रस्त्यावर छत्र्या उघडलेल्या दिसल्या आणि पाऊस वाढला, म्हणून छत्र्यांनी पाऊस आणला असं म्हणण्यासारखं आहे हे. अर्थशास्त्राच्या पेपरांत सगळ्यात जास्त माणसं याच खड्ड्यात पडतात.

यातून वाट काढायची तर तुलनेला काहीतरी लागतं, जसा आपल्या प्रयोगात कंट्रोल सॅम्पल. पहिली तुलना जुन्या डिसेंबरांशी: ज्या वर्षी बंदी नव्हती त्या वर्षी नोव्हेंबर ते जानेवारी भाव किती टक्के उतरला? त्यापेक्षा २०२३ ची घसरण किती जास्त? ही तुलना कच्ची आहे, कारण प्रत्येक वर्षाचा पाऊस वेगळा, पण सुरुवातीला ती पुरते.

दुसरी तुलना मला जास्त आवडते. बंगळूर रोझ नावाचा एक लहान, गुलाबी कांदा कर्नाटकात पिकतो आणि तो मुख्यत्वे मलेशिया-सिंगापूरकडे जातो. सरकारने त्याला बऱ्याचदा वेगळा नियम लावला. १४ सप्टेंबर २०२० च्या बंदीनंतर, ऑक्टोबरात बंगळूर रोझ आणि कृष्णपुरम या दोन जातींना प्रत्येकी दहा हजार टन निर्यातीची मुभा मिळाली. नाशिकच्या कांद्यासाठी मात्र दार १ जानेवारी २०२१ लाच उघडलं. दोन भाऊ, एकाला बाहेर जायची परवानगी आणि दुसऱ्याला नाही. अशी नैसर्गिक तुलना आयती मिळणं म्हणजे लॉटरीच. दोन्ही कांद्यांचे हंगाम आणि गिऱ्हाईक वेगळे आहेत हे पेपरात कबूल करावं लागतं, पण ते कबूल करायला अर्धं पान पुरतं.

नियम नुसते 'बंदी आहे' आणि 'बंदी नाही' असे दोनच नसतात, हेही लक्षात घ्या. २०२३ मध्ये १९ ऑगस्टला ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं आणि मग डिसेंबरात पूर्ण बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क दोन्ही राहिलं. कॅल्क्युलेटर काढा: ५५० अधिक त्याचे ४० टक्के म्हणजे ७७० डॉलर टन. त्या वेळच्या सुमारे ८३ रुपयांच्या दराने किलोला ६४ रुपयांच्या आसपास, तेही जहाजाचं भाडं धरण्याआधी. परदेशी गिऱ्हाइकाला दुसरीकडे याहून स्वस्त मिळत असेल तर कागदावर बंदी उठली, पण कांदा गोदामातच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. यातल्या प्रत्येक पायरीवर एक वेगळा पेपर होऊ शकतो. फक्त सगळ्या पायऱ्या एकाच पेपरात घेऊ नका, सबमिशनच्या आदल्या रात्री रडायची वेळ येते.

भावाचा नाद सोडून गिऱ्हाइकाचा प्रश्नही घेता येतो. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान, चीन इथून कांदा आणला. ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत आलेल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असं सांगितल्याचं व्यासपीठावरून हसत हसत ऐकवलं होतं. हशा झाला, पण व्यापाऱ्याच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं. दार उघडल्यावर दुसऱ्या दुकानात गेलेलं गिऱ्हाईक परत येतं का? सगळं येतं की थोडं? मलेशिया किंवा श्रीलंका घ्या, त्यांच्या कांदा आयातीत भारताचा हिस्सा दर वर्षी किती होता ते मांडा आणि बंदीच्या वर्षांवर खूण करा. कच्चा आलेख एका संध्याकाळी होतो.

आता आकडे कुठून आणायचे ते. बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक अ‍ॅगमार्कनेटवर मिळते. किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात, त्यातला सर्वसाधारण घ्या. देशाची निर्यात वाणिज्य मंत्रालयाच्या आयात-निर्यात डेटा बँकेत, आणि जगाची यूएन कॉमट्रेडमध्ये. मालाचं नाव टाकून शोधत बसू नका, एचएस कोड शोधा. कांद्याचा सहा आकडी कोड ०७०३१०. इथे तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. आपलं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर. २०१९ ची बंदी एकात एका वर्षात बसते आणि दुसऱ्यात दोन वर्षांत फाटते, म्हणून जमेल तिथे महिन्याचे आकडे घ्या. दुसरं, बांगलादेशाची स्वतःची आयात आकडेवारी कॉमट्रेडमध्ये सलग मिळत नाही. तेव्हा आरसा धरायचा: भारत, चीन, इजिप्त यांनी बांगलादेशाला केलेली निर्यात जोडायची. एकाची निर्यात ही दुसऱ्याची आयातच असते, मात्र आयातीच्या किमतीत भाडं आणि विमा धरलेला असतो, निर्यातीच्या किमतीत नसतो. म्हणून दोन्ही आकडे तंतोतंत जुळले नाहीत तर घाबरू नका. तिसरं म्हणजे २०२३-२४ च्या बंदीतही सरकारी परवानगीने बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती अशा देशांना काही कांदा गेला, म्हणून निर्यातीच्या रकान्यात शून्य दिसणार नाही.

ज्यांना कांद्याने डोळ्यांत पाणी येतं त्यांनी आपल्या ब्रांचकडे बघावं. मेकॅनिकलवाल्यांसाठी १९८१ चं जपानी मोटारींचं प्रकरण फार छान आहे. अमेरिकेच्या दबावाखाली जपानने वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींची मर्यादा स्वीकारली. मर्यादा गाड्यांच्या संख्येवर होती, किमतीवर नव्हती. मग कंपन्यांनी काय केलं? मोठ्या, जास्त सोयींच्या, महागड्या गाड्या पाठवल्या. रॉबर्ट फीन्स्ट्रा यांनी यावर काम केलं आहे. असाच प्रश्न आज बेअरिंगला (कोड ८४८२) लावता येईल आणि बेअरिंगमधलं अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं. सिव्हिलवाल्यांनी १९६७ ते १९७५ या काळातला बंद सुएझ कालवा पाहावा. दोन देशांमधलं अंतर कधी बदलत नाही, पण तेव्हा आठ वर्षं ते बदललं आणि पुन्हा पूर्ववत झालं. मुंबईहून युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालत होती. जेम्स फायरर यांनी याच प्रसंगावरून, समुद्रमार्ग लांबला की व्यापार किती घटतो ते मोजलं. वर सांगितलेलं टिंबरगेनचं सूत्र इथे पुन्हा भेटतं.

विषय सरांकडे नेण्याआधी मी एक काम करतो आणि तुम्हालाही तेच सांगतो. एक प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य लिहा, त्याखाली तुमचा अंदाज लिहा आणि अर्ध्या दिवसात हाताला लागणाऱ्या आकड्यांचा एकच आलेख काढा. आलेखच निघाला नाही तर विषय बदला, कितीही आवडला असला तरी. सर आलेख बघून दोन मिनिटांत सांगतात. नुसतं शीर्षक नेलं तर "वाचन वाढवा" म्हणून परत पाठवतात.

लासलगावच्या रोजच्या भावांची फाईल माझ्याकडे आहे, पेनड्राइव्ह घेऊन या. तिच्यात ऑगस्ट आणि डिसेंबर २०२३ मध्ये काही ओळी कोऱ्या दिसतील. त्या दिवशी नाशिक जिल्ह्यात निषेध म्हणून लिलावच बंद होते. तिथे शून्य भरू नका आणि आदल्या दिवसाचा भावही ओढून टाकू नका. त्या कोऱ्याच ठेवा.